गुत्तेदाराची पाटी

कंपनीच्या उत्तराला जोडलेल्या कागदांत एक फोटो होता. तो आपल्याच दाराचा आहे हे ओळखायला तनुजाला थोडा वेळ लागला. झेरॉक्समध्ये दार काळेठिक्कर आले होते, पण शेजारची पितळी पाटी स्वच्छ वाचता येत होती. 'संगप्पा सिद्रामप्पा हलकुडे, गुत्तेदार.' फोटोखाली एक ओळ होती: अर्जदार स्वतःच स्वतःला जाहीरपणे कंत्राटदार म्हणवून घेतो.

"हा कधी काढला असंल?" तिने नवऱ्याला विचारले.

संगप्पाने दुखरा गुडघा उशीवर नीट ठेवला. "ते सुपरवायझर आले नव्हते का मागल्या महिन्यात? तब्येत बघायला. केळी घेऊन."

"अगंबाई! केळी ठेवली आन् जाताना पाटी घेऊन गेले म्हणा की."

दोघांनाही हसू आले, पण ते फार टिकले नाही.

रविवार होता. सकाळच्या एसटीने लातूरहून सगळे आले होते: सासरे सिद्रामप्पा, सासूबाई सरजाबाई आणि थोरले दीर चन्नबसप्पा. नांदेडच्या या दोन खोल्यांत एवढी माणसे एकदम लग्नानंतर आजच बसली होती. सरजाबाईंनी येताना कडक भाकरीची चळत आणि शेंगाचटणी आणली होती. ते फडके अजून कुणी सोडले नव्हते.

ठरवायचे होते ते एवढेच. चार वर्षे संगप्पा स्वतःच्या छोट्या टेम्पोतून कंपनीची पार्सले नांदेडच्या गोदामातून मुदखेडला पोचवत होता. फेब्रुवारीत एक घरगुती पिठाची चक्की दुसऱ्या मजल्यावर चढवताना तो जिन्यावरून पडला आणि गुडघ्याची वाटी फुटली. तेराव्या दिवशी कंपनीने त्याची आयडी बंद केली. म्हणजे फोनवरचे ॲप उघडेना, आणि ज्याचे ॲप उघडत नाही त्याला गोदामाच्या फाटकातून आत सोडत नाहीत. संगप्पाने कामगार कार्यालयात अर्ज केला. कंपनीने उत्तर दिले की हा आमचा कामगार नव्हताच, तो स्वतंत्र कंत्राटदार. त्यावर उद्या सोमवारी सुनावणी होती. आणि काल कंपनीकडून आणखी एक कागद आला होता, एकाच बाजूला छापलेला. मी स्वतंत्र कंत्राटदार आहे, माझी काही तक्रार नाही. खाली सही करायची आणि आज पाचच्या आत फोटो पाठवायचा. सही पोचली की आयडी चालू.

गाडी चालवायला हरकत नाही असे डॉक्टरांनी परवाच सांगितले होते. त्यामुळेच तर अवघड झाले होते.

"सही कर आन् मोकळा हो," चन्नबसप्पा म्हणाले. "गुत्तेदार म्हणतेत तर म्हणू दे की. शिवी हाय का ती? पंचवीस वर्षं झाली, मला लोक तेच म्हणून राहिले."

ते खरे होते. लातूरपासून निलंग्यापर्यंत गिलावा आणि फरशीचे गुत्ते घेणाऱ्या चन्नबसप्पांना नावाने हाक मारणारे थोडेच होते.

"तुम्हाला काम देताना म्हणतेत, भावजी," तनुजा म्हणाली. "ह्यांना काढताना म्हणून राहिलेत."

चन्नबसप्पांनी बशीतल्या चुरमुऱ्यांच्या सुशीलातला कढीपत्ता बाजूला सारला. ते सुनेशी, भावजयीशी वाद घालणाऱ्यांतले नव्हते. संगप्पाने खाली पाहिले. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेले सिद्रामप्पा अजून एक शब्द बोलले नव्हते. लातूरच्या मोंढ्यात चाळीस वर्षे त्यांनी मापाडी म्हणून शेतकऱ्यांची पोती तोलली होती. काटा स्थिर होईपर्यंत तोंड उघडायचे नाही ही त्यांची सवय घरातही होती.

"मला कागद कळत न्हाई," अखेर ते म्हणाले. "काम कळंल. संग्या, सकाळपासून सांग. मला घाई न्हाई."

*

सरजाबाईंना मुलाच्या फोनबद्दल कधीचे विचारायचे होते, पण आपण काहीतरी येड्यासारखे विचारू म्हणून त्या गप्प राहत. आता नवऱ्यानेच विषय काढल्यावर त्या सरकून पुढे बसल्या.

"आधी फोटो," संगप्पा सांगू लागला. "अंगात कंपनीचा शर्ट पायजे, वरचं बटन लावलेलं. चेहरा गोलात बसला पायजे. मग ॲप म्हणतं, शुभ सकाळ, भागीदार."

"भागीदार?" सिद्रामप्पा सरसावले. "कशात?"

"तेवढं न्हाई सांगत."

"बरं. मग?"

"मग पार्सलं. किती न्यायची ते तेच ठरवतं. आधी कुणाचं, मागून कुणाचं, तेबी तेच. मुदखेडला स्टेशनाकडच्या गल्लीत एका म्हातारीच्या घरावरून तीनदा जावं लागायचं. ती म्हणायची, बाबा, हाईसच इथं तर देऊन टाक की माझं. मी म्हणायचो, मावशी, तुमचा नंबर आला न्हाई."

"दिलं आसतं तर?"

"लाल होतं."

"कोण?"

"मी. म्हंजे त्यात माझं नाव. तीनदा लाल झालं की दुसऱ्या दिवशी कामच कमी देतंय."

सरजाबाईंनी हळूच विचारले, "आन् मधी कुठं थांबलास तर? त्याला कळतं?"

"चार मिनिटांत कळतं, अव्वा. लगेच विचारतं, तुम्ही थांबलेले आहात, कारण निवडा. रस्ता बंद, गाडी बिघडली, ग्राहक फोन उचलत नाही. अशी पाच कारणं असतेत."

"पाणी प्यायचं?"

"न्हाई त्यात."

"बरं, आन् त्ये..." त्यांनी सुनेकडे पाहिले, मग पदर तोंडाला लावला. "लघवीचं?"

"न्हाई, अव्वा."

"मग काय दाबायचास रे?"

"ग्राहक फोन उचलत नाही."

सरजाबाईंना जे हसू फुटले ते थांबेना. "बसवेश्वरा! चार वर्षं मुदखेडच्या लोकांवर आळ घेतलास व्हय रे!" तनुजाही हसत होती. सिद्रामप्पांच्या मिशा हलल्या. मग हसता हसता सरजाबाईंना आठवले की मागल्या उन्हाळ्यात हा मूतखड्याने तळमळत होता, आणि आपण फोनवर त्याला रोज सांगत होतो, पाणी पीत जा बाबा, पाणी पीत जा. तो हाव म्हणत होता. त्यांनी डोळे पुसले. त्यातले पाणी आता हसण्याचे नव्हते, पण तसे कुणाला कळले नाही.

*

चन्नबसप्पा हे सगळे ऐकत होते आणि त्यांना ते आवडत नव्हते. धाकटा भाऊ तक्रारखोर कधीच नव्हता. तो तक्रार करतच नव्हता, विचारले तेवढे सांगत होता, आणि त्यामुळे ते जास्त टोचत होते.

"काम म्हणलं की नियम आलेच," ते म्हणाले. "मलाबी इंजिनिअर सांगतो, गिलावा किती जाड, माल कसा. म्हणून मी काय त्याचा नोकर झालो? टेम्पो कुणाचा, संग्या? तुझा. डिझेल? तुझं. मग?"

"माझीबी सायकल माझीच होती," सिद्रामप्पा म्हणाले. "सायकलीवर बसून मोंढ्यात जायचो. म्हणून मोंढा माझा झाला न्हाई."

"अप्पा, तुमचं वेगळं."

"हाव, वेगळं. माझ्या काट्याचं पारडं खरं का खोटं, ते मला दिसायचं. शेतकऱ्यालाबी दिसायचं. ह्याचा काटा कुणाला दिसतो?" म्हातारा चिडलेला नव्हता. एखादे नवीन बियाणे तळहातावर घेऊन बघावे तसा तो बघत होता. "कोण बसलंय रे त्या ॲपात? माणूस हाय का?"

"ठावं न्हाई, अप्पा. मी कधी बघितला न्हाई."

चन्नबसप्पांना वाटले, आता हे बोलणे भरकटणार. त्यांनी मांडी बदलली आणि आपल्या धंद्यातले सगळ्यात पक्के काय ते पुढे ठेवले.

"हे बघा. मी आयुष्यात घमेलं उचललं न्हाई. गुत्तेदाराचं काम म्हंजे माणूस पाठवायचं. हा आला न्हाई तर तो. काम झालं पायजे, कुणी केलं ते कोण विचारतंय? संग्याला ताप आला तर यानंबी पाठवला आसता की कुणाला. नोकराला असं जमतं का? न्हाई. गुत्तेदाराला जमतं. झालं."

संगप्पा गुडघ्याखालची उशी सारखी करू लागला.

"काय रे?"

"पाठवला होता," तो म्हणाला. "दयानंदला, शेजारच्या. त्याला मुदखेडची गल्ली न् गल्ली ठावी हाय. तीन घरं नीट झाली. चौथ्या घरापाशी ॲपनं फोटो मागितला. मधीच मागतं कधी कधी. दयानंदनं माझा शर्ट घातला होता, वरचं बटन लावलं होतं. चेहराबी गोलात बसला. पण तो मी नव्हतो ना."

"मग?"

"तीन दिवस आयडी बंद. मेसेज आला. हाय आजून."

त्याने शोधून फोन पुढे केला. चन्नबसप्पांनी चष्मा लावून वाचले. हे काम तुम्ही स्वतःच करणे आवश्यक आहे. आपल्या जागी दुसरी व्यक्ती पाठविल्यास कारवाई होईल. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचले. इतका वेळ त्यांच्या मनात हा भावाचा प्रश्न होता. आता तो धंद्याचा झाला, आणि धंद्यातली चूक त्यांना सहन होत नसे.

"याला गुत्ता म्हणत न्हाईत," ते म्हणाले.

त्यांनी फोन संगप्पापुढे ठेवला.

"कोण म्हणतंय याला गुत्ता? दर त्यांचा, येळ त्यांची, गिऱ्हाईक त्यांचं, आन् माणूसबी दुसरा चालत न्हाई? ह्यांनी गुत्ता कधी घेतलाय का बघितलाय?"

"भावजी," तनुजा हळूच म्हणाली, "हेच उद्या तिथं सांगाल?"

चन्नबसप्पा बोलण्याच्या भरात होते. तो भर असा एकदम ओसरला की त्यांनाच नवल वाटले. तिथे म्हणजे कार्यालयात, साहेबापुढे, कंपनीच्या वकिलापुढे. वकील त्यांना विचारणार, तुम्ही गुत्तेदार, मग तुमची माणसे कोण? आणि त्यांच्या डोळ्यांपुढे शेषेराव आला. शेषेराव मिस्त्री, त्यांच्याकडचा गिलाव्याचा पहिला हात. दोन वर्षांपूर्वी निलंग्याच्या कामावर तो परांचीवरून पडला आणि त्याचा खुबा मोडला. चौकशीला माणूस आला तेव्हा चन्नबसप्पा म्हणाले होते, तो माझा कामगार न्हाई, तो गुत्त्यावर होता. सगळ्यांनी मान डोलावली. शेषेरावनेही. दवाखान्याचे त्यांनी बघितले होते, आणि त्यावर आजवर त्यांची झोप कधी मोडली नव्हती.

पण त्याच्या आदल्या वर्षी शेषेरावने एकदा स्वतः न येता मेव्हण्याला पाठवले होते. चन्नबसप्पांनी त्याला दारातून परत लावला होता. मला शेषेरावचाच हात पायजे, असे म्हणाले होते. आपले ते शब्द त्यांना आता जसेच्या तसे ऐकू आले.

"मी कशाला पायजे?" ते म्हणाले. "वकील हायेत की तुमचे."

*

वकील जावेदभाईंचा निरोप संगप्पाच्या फोनवर सकाळीच आला होता, पण तो वाचून दाखवण्याचे धाडस त्याला झाले नव्हते. आता त्याने वाचला. पाटीचा फोटो कंपनीने मोठा पुरावा केला आहे. पाटी ज्याने लावली त्याने येऊन का लावली ते सांगावे. आणि गुत्तेदार म्हणजे काय, हे ज्याने गुत्ते घेतलेत त्याने सांगितले तर बरे.

दोन्ही माणसे एकच होती, आणि ते तनुजासमोर बोलायची सोय नव्हती. निदान संगप्पा तसे समजून होता. सहा वर्षांपूर्वी लग्नाचे चालले होते, तेव्हा तनुजाचे वडील, नांदेडचे जिल्हा परिषदेचे मास्तर, ड्रायव्हरला मुलगी देणार नाही म्हणाले होते. तेव्हा संगप्पा दुसऱ्याची गाडी चालवत होता. मास्तर हे घर बघायला येणार त्याच सकाळी अण्णा, म्हणजे चन्नबसप्पा, लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून पाटी करून घेऊन आले, आणि स्वतः ठोकली. अण्णांनी ती खोटी म्हणून ठोकली नव्हती. त्यांच्या दृष्टीने ते भावाला आपल्या रांगेत बसवणे होते. पुढे संगप्पाने कंपनीचे काम धरले. ॲपवर मराठीत 'स्वतंत्र कंत्राटदार' असा शब्द आला, तेव्हा तो त्याने मोठ्या आनंदाने दाबला होता. वाटले, पाटी आता खरी झाली.

"तनू," तो म्हणाला. "ही पाटी... तुमचे बाबा यायचे होते ना, त्या दिवशी..."

"त्याच दिवशी ठोकली. ठावं हाय मला."

"कसं?"

"मीबी आले होते की बाबांसंगं. पाटीखाली भिंतीचा भुगा पडला होता ताजा. बाबा वरचं वाचत होते. मला चप्पल काढताना खालचा दिसला."

सरजाबाईंनी कपाळाला हात लावला. चन्नबसप्पा खिडकीबाहेर बघू लागले, जणू तिथे कुणी त्यांना हाक मारली होती.

"मग बोलली का न्हाईस?" संगप्पा म्हणाला. "सहा वर्षं?"

"कुणी विचारलंच न्हाई."

सिद्रामप्पा पोट धरून हसले. एवढे मोठ्याने ते हसलेले संगप्पाने कधी ऐकले नव्हते. आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आले की बायको कधीपासून काहीतरी लिहीत बसली आहे. दर कुणाचा, वेळ कुणाची, दुसरा माणूस चालतो का, थांबल्यावर कारण कोण विचारतो. प्रत्येकापुढे उत्तर. घरात दुसरा कोरा कागद नव्हता, म्हणून तिने हाताला लागला तो घेतला होता. ती कंपनीच्या सहीच्या कागदाची पाठ होती.

"अगं, ह्याच्यावर सही करायची होती."

तनुजाने कागद उलटा करून पाहिला, मग सुलटा. पेनाची शाई पलीकडे उमटली होती. "आता?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि खाली जागा किती उरली आहे याचा अंदाजही.

संगप्पाने घड्याळ बघितले. चार वाजून गेले होते. आयडी चालू झाली असती तर उद्या सकाळी तो गोदामाच्या फाटकात असता. त्याला त्या फाटकाचीही आठवण येत होती, हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. "बारीक अक्षरात लिही," तो म्हणाला. "अजून लई हाय सांगायचं."

*

तालीम करायची कल्पना सिद्रामप्पांची. "मोंढ्यात मी लई भांडणं ऐकलीत," ते म्हणाले. "कंपनीचा वकील मी. चन्ना, बस इथं."

"अप्पा, मी येतो म्हणलो न्हाई."

"मग बसायला काय जातंय?"

चन्नबसप्पा बसले. म्हाताऱ्याने टॉवेल खांद्यावर घेतला आणि आवाज एकदम बदलला. सरजाबाई म्हणाल्या, "बघा, ह्यांना कसं जमलं लगेच!" नवऱ्याने हातानेच त्यांना गप्प केले.

"ही पाटी कुणी लावली?"

"मी."

"भाऊ गुत्तेदार होता का तेव्हा?"

"न्हाई. ड्रायव्हर होता."

"मग खोटं का लिहिलं?"

चन्नबसप्पांनी दाराकडे पाहिले. "मला वाटलं, त्याला कुणी खालचा म्हणू नये."

"आज गुत्तेदार हाय का?"

"न्हाई. गुत्तेदार आपल्या जागी माणूस पाठवतो. याला जागचं हलायचं तर कारण दाबावं लागतं."

तनुजा भराभर लिहीत होती. इथे थांबले असते तरी चालले असते. संगप्पाला तर वाटलेही की अप्पा आता टॉवेल खाली ठेवतील. पण सिद्रामप्पांना खरेच जाणून घ्यायचे होते. वकील व्हायचे विसरून ते आपल्याच आवाजात बोलले.

"आन् तुझ्याकडची माणसं, चन्ना? ती काय हायेत?"

हा प्रश्न उद्या येणार हे चन्नबसप्पांना ठाऊक होते. तो बापाच्या तोंडून आज येईल असे वाटले नव्हते. सांगायला उत्तर तयार होते, पंचवीस वर्षे वापरलेले. ते त्यांनी तोंडाशी आणून पाहिले.

"एकजण पडला होता," ते म्हणाले. "निलंग्याला. मी सांगितलं, तो गुत्त्यावर होता."

"होता का?"

"त्याच्या जागी दुसरा मीच चालू दिला न्हाई."

सरजाबाईंना नीट कळले नसावे, पण मुलाचा आवाज कळला. त्या उठून त्याच्याजवळ जाऊन बसल्या. तनुजाचे पेन थांबले होते.

"हे लिहू का, भावजी?" तिने विचारले. "न्हाई लिहिलं तरी चालंल. हे आमच्या अर्जात न्हाई."

"अण्णा, राहू द्या," संगप्पा म्हणाला. "तुम्ही पाटीचंच तेवढं सांगा. हे बाहेर आलं तर उद्या तुमचेच लोक..."

"उद्या त्यो वकील विचारणारच की. मी येणार म्हणल्यावर विचारणारच." आपण येणार असे बोलून गेलो, हे त्यांना वाक्य संपल्यावर कळले. त्यांनी ते मागे घेतले नाही. "लिही, तनुजा. शेषेराव मिस्त्री."

तिने लिहिले. मग शाळेत नाव घालताना विचारावे तसे सहज विचारले, "पूर्ण नाव? वडलांचं?"

चन्नबसप्पांनी तोंड उघडले. शेषेरावचा हात त्यांना ठाऊक होता, थापी धरायची पद्धत, ओळंबा न लावता भिंतीचा कल ओळखणारी त्याची नजर. त्याला चहात साखर चालत नाही तेही. गाव किल्लारीकडचे कुठलेसे. आडनाव? फोनमध्ये 'शेषेराव गिलावा' एवढेच होते. तेवीस वर्षे.

"थांब," ते म्हणाले.

ते फोन घेऊन बाहेर गेले. दार उघडेच होते. आतल्यांना त्यांची पाठ दिसत होती. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली असावी, कारण ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभे होते, मुलाखतीला आलेल्या माणसासारखे.

"शेषेराव? हाव, मी बोलतोय. न्हाई, काम न्हाई. कामाचं न्हाई काही." ते थांबले. "एक विचारायचं होतं. तुमचं पूर्ण नाव काय हो?"